पुठ्ठ्याचा ताप

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सा. न. वि. वि. यातला ‘विशेष’ या खेपेला चारपायी आहे, तेव्हा तुमच्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करते.

पुठ्ठ्या आजारी पडलाय. तीन दिवस त्याने एकही पुठ्ठा चावला नाही, यावरून काय ते समजा. पिल्लू असताना यांच्या बाइंडिंगच्या खोलीतली सतरा कव्हरं फस्त करून ज्याने हे नाव कमावलं, तो कोऱ्या करकरीत खोक्याकडे बघून मान फिरवतो. आधी वाटलं, वय झालं. पण आज सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात त्याने पाय वर केला आणि मी बघतच राहिले. लघवी कोऱ्या चहासारखी, तीही तीनदा उकळलेल्या. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

शेजारच्या चष्मेवाल्याच्या स्कूटरवर पुढे तो, मागे मी आणि मधे चादरीत गुंडाळलेला पुठ्ठ्या, अशी आमची वरात प्राण्यांच्या दवाखान्यात गेली. नवी डॉक्टरीण आली आहे. वयाने माझ्या चष्म्याहून लहान असेल, पण हात यांच्यासारखा, घाई नसलेला. तिने कानाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, पसरलं, रंगवलं आणि मलाही दुर्बिणीतून बघायला बोलावलं. मला ठिपक्यांपलीकडे काही दिसलं नाही, पण हो हो म्हटलं. ती म्हणाली, गोचिडीचा ताप आहे. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून बारीक जीव रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशी फोडत सुटतात. मांडीत एक इंजेक्शन दिलं. ते फार दुखतं म्हणे. पुठ्ठ्या कळवळला, मीही. तिने दोघांना एकाच आवाजात गप्प केलं. पंधरा दिवसांनी दुसरं द्यायचं आहे.

कुठे झोपतो, असं तिने विचारलं. व्हरांड्यात, तरटावर, असं मी सांगितलं. तिने लिहून घेतलं.

तुम्ही मागच्या पत्रात खोलीबद्दल विचारलं होतंत. खोलीला कुलूप आहे. शब्द दिला तो दिला.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मागच्या वेळी मी डोकं दुखतंय म्हटलं आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत, तेव्हापासून माझा पोस्टावरच भरवसा. गुडघे कसे आहेत?

लोभ आहेच, त्यातला घासभर पुठ्ठ्यालाही मिळावा.

तुमची
वहिनी


ता. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

शिरसाष्टांग नमस्कार. साष्टांग अर्थात कागदावर, कारण गुडघे विचारलेस तसेच आहेत.

चौतीस वर्षं मी लोकांचं रक्त बघितलं, आणि आमच्या घरातल्या कुत्र्याचं रक्त पहिल्यांदा कुणी बघायचं तर तू, ठिपक्यांपलीकडे काही न दिसणारी! आता सांगते ते ऐक. काचेवर फिकट गुलाबी चकत्या होत्या ना, त्या तांबड्या पेशी. त्यातल्या एखादीत दोन जांभळे थेंब असतात, टोकाला टोक लावून बसलेले, नव्या जोडप्यासारखे. दिसतात गोड, पण मोठे झाले की घर फोडूनच बाहेर पडतात. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. तोच तुझा चहा.

तुझी डॉक्टरीण हुशार आहे. झोपायची जागा विचारली ती उगीच नाही. गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावर राहत नाही. खाली उतरते, भिंतीच्या फटीत किंवा लाकडाच्या सांध्यात शिरते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसतात त्या नुसत्या पाहुण्या, बिऱ्हाड दुसरीकडेच असतं. कुत्र्याला औषध दिलंस आणि बिऱ्हाड तसंच राहिलं, तर महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि त्याचं वय बघता त्याला हा ताप पुन्हा झेपेल असं नाही. तेव्हा तरट फेकून दे, व्हरांड्याची फट न् फट घास.

खोलीचं मीही उगीच विचारत नाही. दादा गेल्यावर पहिल्या वर्षी तू दिवसदिवस तिथेच बसायचीस. जेवण झाकलेलं तसंच राहायचं. म्हणून मी कुलूप लावून तुझ्याकडून शब्द घेतला. आता चष्मेवाला दुकान वाढवायला ती जागा मागतोय, त्याने मलाही लिहिलंय. तू कुलूप उघडणार नसशील तर जागा अडवून करायचं काय, एवढंच विचारते. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहायचं थांबू नकोस.

तुझी
नणंद (जिला सगळं ऐकू येतं, फक्त फोनवर नाही)


ता. २४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. काल पुठ्ठ्याने औषधाच्या गोळ्यांचं खोकं खाल्लं. आतल्या गोळ्या बाजूला काढून ठेवल्या आणि खोकं खाल्लं! डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग तो बरा होतोय. दुसरं इंजेक्शनही झालं. हिरड्यांवर गुलाबी छटा आली आहे.

तरट फेकलं. व्हरांडा उकळत्या पाण्याने तीनदा धुतला, फटींत सिमेंट भरलं. तरी काल कानामागे चार आणि बोटांच्या बेचक्यांत तीन सापडल्या. कुठून येतात कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, आणखी कुठे जातो का, बसतो का. नाही म्हटलं.

यावर अभ्यास करावा म्हणून मी ज्ञानकोश काढला. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण यांच्याकडे बांधायला आलेल्या पुस्तकांवर झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. मी मोठ्याने वाचायची, हे शिवायचे. त्यामुळे जे बांधायला आलं तेवढंच मला येतं. ज्ञानकोशाचा ‘क ते घ’ हा एकच खंड आला आणि न्यायला कुणी आलं नाही. म्हणून मला कासव कळतं, ग्रहण कळतं, घुबड तर पाठ आहे, पण चंद्राबद्दल विचाराल तर पाटी कोरी. सुदैवाने गोचीड ‘ग’ मध्ये बसते. काल तो खंड फळीवरून उतरवला आणि दोनदा वाचला. तिला आठ पाय असतात, म्हणजे ती कोळ्याची चुलत बहीण. पुढचे दोन पाय वर धरून ती कुणाच्या श्वासाची वाट बघत बसते. काही न खाता महिनोन्महिने तशी बसू शकते. वाचून अंगावर काटा आला, आणि थोडं कौतुकही वाटलं.

चष्मेवाल्याला म्हणावं, धीर धर. भला माणूस आहे, स्कूटरवर कुत्रा घेणारा. पण भिंत पाडायची म्हणतो.

लोभ करावाच, सल्ले मात्र जरा बेतानं.

तुमची
वहिनी


ता. १ मार्च

ती. वहिनीस,

नमस्कार. आज वि. वि. मधलं फक्त विशेष लिहिते.

‘क ते घ’ बाइंडिंगच्या खोलीत असतो. सरसाच्या डब्याशेजारी, वरच्या फळीवर. तो मी स्वतः तिथे ठेवला, बाहेर आले, कुलूप लावलं आणि किल्ली तुझ्या हातात दिली. मग तू उतरवलास तो कोणत्या फळीवरून?

मी रागावलेली नाही. पण रक्त तपासणाऱ्या बाईला कुणी चुकीचं नाव घातलेली बाटली दिली की तिचं सगळंच चुकतं. तुझी डॉक्टरीण तशीच चुकते आहे, आणि ती चूक तिची नाही. पुठ्ठ्या तुझ्याबरोबर त्या खोलीत जातो ना? खरं काय ते लिही. मला नंतर लिहिलंस तरी चालेल, तिला आधी सांग.

तुझी
नणंद


ता. ६ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र हाती आलं तेव्हा दवाखान्यातून नुकताच आणलेला पुठ्ठ्या नाकातून रक्त गाळत फरशीवर पडला होता. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं, असं मी ते वाचलं.

या खेपेला रोग दुसरा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले जीव तांबड्या पेशींत होते, हे पांढऱ्या पेशींत शिरलेत. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार उतरल्या आहेत, म्हणून नाक वाहतं, पोटावर जांभळे डाग आलेत. पण आणणारी तीच, गोचीड. अठ्ठावीस दिवस गोळ्या. त्या मला म्हणाल्या, आजी, या गोळ्यांनी तो उठेल, पण आणखी एकदा चावलं तर मी काही करू शकेन असं वाटत नाही. तिसऱ्यांदा विचारलं, कुठे जातो. आणि वन्सं, मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. घरी आले तर दारात तुमचं पत्र.

तर खरं असं आहे. कुलूप तुम्ही गेलात त्याच आठवड्यात उघडलं. रोज दुपारी भांडी झाली की मी आणि पुठ्ठ्या खोलीत जातो. तो यांच्या स्टुलाखाली पोत्यावर बसतो, पूर्वी यांच्या पायांवर बसायचा तसा. मी माझ्या जागेवर बसते आणि वाचते.

आमची रीत तुम्हाला माहीत नसेल. पुस्तक शिवायला येतं ते सुट्या फर्म्यांत, सोळा पानांचा एक फर्मा. एक फर्मा मी मोठ्याने वाचायची, मिटून यांच्या हातात द्यायची. मग हे तो शिवणाच्या लाकडी चौकटीत बसवून शिवायचे. न वाचलेला फर्मा यांनी कधी शिवला नाही, आणि आधीचा शिवून झाल्याशिवाय मी पुढचा उघडला नाही. बांधायला आलेलं शेवटचं पुस्तक दातांच्या डॉक्टरांचं, त्यांच्या आईने जपलेली जुनी कादंबरी. एक पोस्टमास्तरीणबाई आहे, पूल बांधायला लांब गेलेल्या इंजिनियरची वाट बघणारी. नऊ फर्मे झाले होते. नवव्याच्या शेवटी तिला जिन्यात पावलं वाजलेली ऐकू येतात. मी दहावा उचलला तर हे म्हणाले, थांब, आधी चहा टाक. मी चहा टाकला. दोन कप घेऊन आले तेव्हा हे चौकटीवर डोकं ठेवून होते.

पुस्तक अजून चौकटीतच आहे. दोरे लोंबतात. दहावा कुणी शिवणार नाही, म्हणून तो मी उघडला नाही. दोन वर्षं मी त्या कुत्र्याला तेच नऊ फर्मे पहिल्यापासून वाचून दाखवते आहे. त्याने कधी तक्रार केली नाही. चहा टाकताना माझा हात अजून दोन कपांचंच पाणी घेतो.

ती खोली दोन वर्षं झाडलेली नाही. यांच्या कात्रणांना हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या असत्या, सगळं बाहेर काढा. म्हणून नाही सांगितलं. कुत्र्याला मी जपते असं सगळे म्हणतात. जपत होते ती खोली, आणि त्यासाठी त्याचं रक्त देत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

पत्र टपालात टाकून तशीच दवाखान्यात जाते आहे.

लोभाचं तुम्हीच ठरवा.

वहिनी


ता. ११ मार्च

प्रिय वहिनी,

लोभाचं ठरवलं. आहे तेवढा राहील, वर थोडा वाढेलही.

आता माझं ऐक. शब्द मी तुझ्यासाठी घेतला असं इतके दिवस सांगत आले, ते अर्धंच खरं. त्या वर्षी एका दुपारी मी दारापाशी आले होते. तेव्हा मला बरं ऐकू यायचं. तू आत वाचत होतीस, तुझ्या त्या आवाजात, प्रत्येक पात्राला वेगळा सूर लावून. मी उभी राहिले, कारण आता दादा हसेल असं मला वाटलं. त्याला हसायला लागायची ती जागा आली, गेली, आणि कुणी हसलं नाही. मला ते सोसेना. म्हणून मी कुलूप लावलं. तेव्हा लाज वाटून घ्यायची असेल तर आपण अर्धी अर्धी घेऊ.

खोली रिकामी करावीच लागेल. सगळं बाहेर, फटी बुजव, औषध मार, पंधरा दिवसांनी पुन्हा मार. पुस्तकही चौकटीतून निघेल, ते तसं राहणार नाही. पण वहिनी, तू चाळीस वर्षं त्याच्यासमोर बसलीस. सुई कशी जाते ते तुला माहीत नाही, असं मला सांगू नकोस.

चष्मेवाल्याला मी कळवलंय की जागा अजून वापरात आहे.

पुठ्ठ्याच्या पेशी किती, ते आकडे पाठव. कुणी आकडे पाठवले नाहीत की मला जेवण जात नाही.

तुझी
वन्सं (ही सही तुझ्या आवडीची म्हणून)


ता. ३१ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. जेवून घ्या, आकडे चांगले आहेत. रक्त गोठवणाऱ्या पेशी त्या दिवशी अठरा हजार होत्या, काल एक लाख नव्वद हजार. डॉक्टरीणबाईंनी तो कागद मला दोनदा दाखवला. मी दोन्ही वेळा हो हो म्हटलं, आणि या वेळी खरंच कळलं होतं.

मी सगळं सांगितलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं, नवं लिहिलं आणि विचारलं, त्याला काय वाचून दाखवता? संध्याकाळी दवाखाना बंद करून विजेरी घेऊन स्वतः आल्या. स्टूल उलटं केलं. बैठकीच्या फळ्यांमधल्या फटीत तपकिरी अंड्यांची रास होती, मोहरी सांडल्यासारखी. पुस्तकं दाबायच्या लोखंडी दाबाच्या लाकडी पायांत गोचिडी होत्या, भिंतीच्या पोपड्यांत होत्या. जुन्या पुस्तकांच्या पाठीची पोकळी असते ना, तिच्यातही दोन-दोन बसलेल्या, पुढचे पाय वर धरून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, इतकी वाचनाची आवड मी कुणात पाहिली नाही. मी खूप हसले. त्या खोलीत हसायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

दोन दिवस सामान अंगणात. चष्मेवाल्याने दाब उचलायला हात दिला आणि भिंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही, तेवढं त्याला मानलं. कात्रणं मी स्वतः झाडली. दोन पोती निघाली. वाटलं होतं, काहीतरी तुटेल. कंबर तेवढी धरली.

चौकट राहिली. पुस्तक काढायचं तर दोरे कापायचे किंवा पुरं करायचं. तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून सुई ओवली. अंगणात खुर्ची टाकली, पुठ्ठ्या समोर, गळ्यात गोचिडीचा नवा पट्टा घालून, एखाद्या साहेबासारखा. दहावा फर्मा उघडला. जिन्यातली पावलं तारवाल्याची निघाली, तार चुकीच्या पत्त्यावर आलेली. दोन वर्षं मी त्या पावलांवर जीव टांगून बसले होते! वाचून झालं, मिटला, आणि मग माझे हात थांबले, कारण द्यायचा कुणाला? शेवटी डाव्या हाताने उजव्या हातात दिला आणि शिवला. टाके वाकडे आहेत. यांनी पाहिले असते तर नुसता चष्मा पुसला असता.

रोज एक, असे चार दिवस. तेरावा उचलला तर खाली कागदाची पट्टी. फर्मे मोजल्याशिवाय हे सुई ओवत नसत, आणि पानं गहाळ असली की गिऱ्हाइकासाठी पट्टीवर तसं लिहून ठेवत. पेन्सिलीचं यांचं अक्षर. लिहिलं होतं, ‘चौदावा फर्मा नाही. शेवट ही सांगेल.’

वन्सं, यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेवटची पानं नसलेली कितीतरी पुस्तकं यायची, मग शेवट मी रचायची आणि हे मान डोलवायचे. यांना शेवटी लग्न हवं असायचं. मी कुणाला मारलं की चहा घ्यायचे नाहीत. या वेळी मला न सांगता ठेवलं होतं, तेराव्यानंतर माझं तोंड बघायला. आणि दातांच्या डॉक्टरांसारख्या शिकलेल्या माणसाला खुशाल लिहून ठेवलं, ही सांगेल.

पुठ्ठ्या कान टवकारून बघत होता, दोन वर्षं तेच तेच ऐकून त्यालाही पुढचं हवं असणार. मग चौदाव्याच्या जागी कोरा फर्मा घेतला, उघडून समोर धरला आणि त्याला शेवट सांगितला. यांच्यासाठी लग्न लावायचं फार मनात आलं, पण कोरं पान समोर असताना खोटं वाचता येईना. सांगितलं ते असं. इंजिनियर आला नाही. पूल मात्र बांधून झाला, त्यावरून इतर लोक आले, त्यांची पत्रं आली, आणि बाईंना काम वाढलं. संध्याकाळी त्यांनी बराच वेळ दार उघडं ठेवलं. मग डास येतात म्हणून लावून घेतलं, आत गेल्या आणि चहाला पाणी ठेवलं. एका कपाचं.

पुठ्ठ्या झोपला होता. कोरा फर्मा मिटला आणि तोही शिवला. दातांचे डॉक्टर परवा येतील तेव्हा त्यांना तोंडी सांगेन.

खोलीला चुना लावलाय, औषधाचा दुसरा हातही झाला. कुलूप काढून टाकलं. तुमचे गुडघे गाडीत बसण्याइतके वाकत असतील तर या. वाचेन मी मोठ्याने, तुमच्या कानाशी.

लोभ आहे, तो तुम्ही येताना घेऊन या. इथलाही थोडा परत न्या.

तुमची
वहिनी

ता. क. पुस्तकाला लावायला कापून ठेवलेलं कव्हर सकाळी अर्धंच उरलं होतं. उरलेलं अर्धं कुणाच्या पोटात आहे हे लिहायला नकोच. रागावले नाही. दुसरं कापायला घेतलं आहे.